बर्फातली घोंगडी

सोलापूर, वैशाख, सन १९३१. सोमवार, दिवेलागणीनंतर.

धाकटा भाऊ वसंता स्वित्झर्लंडहून सूत रंगवण्याचं शिक्षण घेऊन परवा परतला. आज जेवताना तिथल्या बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतीची गोष्ट त्याने पुन्हा काढली. देशोदेशींचे विद्यार्थी उतरले होते, हिंदुस्थानचे म्हणून वसंता आणि त्याचे दोन सोबती, असे तिघेच. तिघांनीही तोवर बर्फ पाहिला होता तो सरबतातला.

थंडी वाजू नये म्हणून गाडीवर आईने दिलेली घोंगडी अंथरली. ती मैंदर्गीच्या धनगराकडून घेतलेली, चिंचोक्याची खळ मुद्दाम दुप्पट लावून. पोरगं परमुलखात चाललंय, घोंगडी कडक हवी, हा आईचा हट्ट. तिथे अंगाच्या उबेने बर्फ वितळला, खळ चिकट झाली आणि पुन्हा गोठली. शर्यत संपली तरी तिघांना उठता येईना. पंचांनी ओढून काढलं. नंबर शेवटचा.

वसंता हसून हसून सांगत होता. मलाही हसू आलं. पण त्या घोंगडीची टिंगल आईसमोर कशाला? की त्यालाच तो शेवटचा नंबर अजून मनाला लागतोय, म्हणून आधी आपणच हसून घेतो? कोण जाणे.

भाकरी वाढता वाढता आईने विचारलं, "बाकीच्यांच्या गाड्या नीट आल्या व्हय?"

"कुठल्या! वळणावर दोन उलटल्या. एकाचा हात मोडला."

"आन तुमी?"

"आम्ही कसे पडणार? घोंगडीला चिकटलो होतो ना!"

"मग त्यासाठीच दिली हुती की," आई म्हणाली.

यावर मात्र वसंता हसला नाही.