ती गाठ जेवते कुठं?

बाबा, आज दुपारी रत्नागिरीत माझं व्याख्यान झालं. सभागृह भरलं होतं. कर्करोगाची पेशी चरबी कुठून मिळवते आणि तिचं काय करते, यावरच माझं आजवरचं सगळं संशोधन. तेच सांगितलं. उपासानं गाठ विरघळवून देतो म्हणणाऱ्या भोंदूंवर नेहमीसारखी तुटून पडले, टाळ्याही झाल्या. आत काहीच हललं नाही. हल्ली असंच होतं. आवाज चढतो, मी खालीच राहते. शेवटी एका बाईंनी विचारलं, “मॅडम, हा प्रश्न तुम्हाला पहिल्यांदा सुचला कसा?” मी म्हणाले, “वाचनातून.” त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मग मी मांडवीच्या किनाऱ्यावर चालत गेले. पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवली की तुम्ही तिच्या फळ्यांना माशाचं तेल चोपडायचात आणि मी डबा धरून उभी असायचे. शाळेत तो वास केसांतून जात नसे. तारली मासळीचा हंगाम आला की तुम्ही एकेकीचं पोट अंगठ्यानं दाबून बघायचात. “ही बघ, चरबी धरलीय. हिला वरून तेल घालायचं नाय गो, ही आपल्याच तेलात भाजते.” चुलीवर तवा असतो, तव्यावर खरोखरच तेल सुटत असतं, आणि आई ओरडत असते, “बापलेकींनी धडे नंतर गिरवा, आधी ताटं घ्या.”

तुमच्या पोटात गाठ निघाली तेव्हा मी एमएस्सीला होते. वक्तृत्वाच्या ढाली फळीवर मावत नव्हत्या. गाठ चरबीवर पोसते असं कुठंतरी अर्धं वाचलं आणि त्यावर पूर्ण विश्वास ठेवला. डॉक्टर म्हणाले, “त्यांना आवडेल ते खाऊ द्या.” मी त्यांनाही भाषण ऐकवलं. तेल बंद, नारळ बंद, मासळी बंद. सकाळ-संध्याकाळ पेज. आई एकदा म्हणाली, “अगो, नुसत्या पेजेवर माणूस जगतो काय?” मी असं काही बोलले की ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

तुम्ही मात्र पेजेचा वाडगा बाजूला ठेवून हसत विचारलंत, “मी राहिलो उपाशी, मग ती गाठ जेवते कुठं?”

“बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही.”

“नाय कळत. म्हणून तर विचारतोय.”

उत्तर मिळायला मला फार वर्षं लागली. कर्करोगाच्या कितीतरी पेशी साखरेपासून आपली चरबी आपणच तयार करतात. कमी पडली तर शेजारच्या पेशींकडून ओढून घेतात. तुमचं ताट रिकामं ठेवून गाठ उपाशी राहणार नव्हती. उपाशी फक्त तुम्ही राहिलात. प्रयोगशाळेत हे पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्या दिवशी मी हात धुतले, वही पूर्ण केली आणि वेळेवर घरी गेले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

शेवटच्या आठवड्यात शेजारच्या काकू झाकलेली ताटली घेऊन आल्या. “तुझ्या बाबासाठी दोन तारल्या भाजल्यायत.” मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. आत आले तर तुम्ही मान वळवून बघत होतात.

“आज तारली आली नाय काय गो?”

“नाही आली.”

तुम्ही थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलंत. समुद्र सपाट होता, होड्या किनाऱ्याला लागत होत्या, आणि भाजल्या तारलीचा वास अजून घरात होता. “असेल,” तुम्ही म्हणालात, “दर्या खवळला असेल.”

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. निदान पुढच्या व्याख्यानात तरी तो प्रश्न माझ्या बाबांचा होता असं सांगेन, हे इथं लिहायला बसले होते. तेही लिहिता येत नाही. कारण मग लोक विचारतील, तुम्ही उपाशी का होतात.