‘वास’ने संपणारे शब्द

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबा मजेत आहेत. फोनवर बोलले तर ते कान देऊन बसतात, म्हणून लिहिते.

आईचा कोश पुन्हा छापायला निघालाय आणि काटछाट नेमकी माझ्या टेबलावर आलीय. त्यात शब्द शेवटच्या अक्षरांवरून लावलेत, आणि ‘वास’ने संपणारे सगळे आईच्या वाट्याला आले होते, आठवतं ना? अर्थाखालचं उदाहरण स्वतः रचायचं, असा तेव्हाचा नियम. बाकीच्यांनी राजे आणि हत्ती घातले, आईने सरळ आपलं घर घातलं. ‘रहिवास : एके ठिकाणी इतके राहणे, की तेथील लाकूडही ओळखते. जसे, मी आले की जिन्याची तिसरी पायरी करकरते.’ आता साहेब म्हणतात, उदाहरणं उडवा, पानं कमी करा.

सोमवारी मी ‘सुवास’चं उदाहरण खोडलं. आईच्या कपाटाचं होतं. घरी येऊन कपाट उघडलं, तर तिच्या कपड्यांना कसलाच वास नाही. ती गेल्यापासून वर्षभर होता रे. मग ‘रहिवास’ खोडला, आणि आई गेल्यावरही रोज दुपारी आपोआप करकरणारी तिसरी पायरी वाजायची थांबली. उदाहरण परत लिहून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. माझं डोकं फिरलेलं नाही, पण मला भीती वाटते.

कारण ‘सहवास’ राहिलाय. ‘सोबत असणे, बोलणे एकाने केले तरी चालते. जसे, मी विणते, हे बोलतात.’ बाबा रोज दुपारी मागच्या खोलीत तिच्या खुर्चीशेजारी बसून बोलतात, हसतातसुद्धा. त्यावरच त्यांचा दिवस निघतो. ती ओळ गेली तर ते कुणाशी बोलतील? काय करू, लगेच कळव.

लोभ आहेच, त्याला तरी कात्री लागू नये.

तुझी,
ठकू

१२ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

लहानपणी खुंटीवरच्या टोपीला काका म्हणून हाक मारणारी तूच ना? कपड्यांचा वास कधीतरी जायचाच, आणि हवा कोरडी झाली की लाकूडही गप्प बसतं. उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस.

तरी बाबांच्या बाबतीत मलाही धोका नको वाटतो. ‘सहवास’ला हात लावू नकोस. साहेबांना ओळी कमी झाल्याशी मतलब, तर दुसरीकडून काढ. त्याच पानावर ‘श्वास’ असेल, त्याखाली चांगलं लांबलचक उदाहरण होतं असं आठवतं. आईला आता श्वासाची काय गरज? ते उडव आणि मोकळी हो.

बाबांना माझा नमस्कार सांग. माया कमी करू नये, आणि रागावलीस तरी पत्र लिहीत जावं.

तुझा,
दादा

२३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी फोनवर अर्धंच सांगितलं. आज नीट लिहिते.

तू म्हणालास तसं ‘श्वास’खालचं उदाहरण खोडलं. वाचलं नाही, नुसत्या ओळी मोजल्या. साहेब डोक्यावर उभे होते. घरी आले तर बाबा मागच्या खोलीत खुर्चीत मान टाकून होते, चष्मा तसाच. डॉक्टर म्हणाले, झोपेतच श्वास थांबला. काल ते उदाहरण वाचलं. ‘जसे, हे झोपले की यांचा श्वास ऐकत मी जागी असते.’

तू स्वतःला दोष देऊ नकोस. पेन्सिल माझ्या हातात होती. मी फार रडले, अजून रडते. पण ‘सहवास’ होता तसाच आहे. दुपारी मागच्या खोलीतून बाबांचं बोलणं ऐकू येतं. मध्येच विणायच्या सुया थांबतात, म्हणजे आई हसत असणार. मी दार उघडत नाही.

पुढच्या आठवड्यातली गाडी मिळतेय म्हणालास. त्याच्या आधीची बघ. पानावर आता ‘सहवास’खेरीज एकच उदाहरण उरलंय. ‘प्रवास : घरातून निघणे व घरी परत येणे, दोन्ही मिळून एक. जसे, थोरला गेला आहे, थोरला येईल.’ साहेब रोज पान मागतात. मी आजारी असल्याचं कळवून ते घरी आणलंय. उद्या शिपाई न्यायला येणार आहे. मी दार लावून बसेन, पण किती दिवस?

लोभाचं मागाहून लिहीन. तू आधी नीघ.

तुझी,
ठकू