पट्टी हलली तरच जेवण

१३ ऑगस्ट १९८८, शनिवार

हे लिहायला मला ब्लडप्रेशरने भाग पाडले आहे. डॉक्टर म्हणाले, दिवसभर लोकांना जे सुनावता ते कागदाला सुनावा. तुम्हालाही बरे वाटेल आणि लोकांनाही. शेवटचा भाग मी ऐकला नाही असे दाखवले. नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहाची मी अधीक्षिका आहे. सुनावणे हा माझा स्वभाव नाही, काम आहे.

आजचेच घ्या. श्रावणातला पहिला शनिवार. मुलींनी काल उपास सांगितला. स्वयंपाकाच्या रंभाबाईने पातेलेभर साबुदाण्याची खिचडी केली. सकाळी निम्म्या जणींना पोळ्या हव्या झाल्या. खिचडी गेटाबाहेरच्या गायींना गेली आणि नेमके त्याच वेळी कमिटीचे चिटणीस महादेवराव स्कूटरवरून उतरले. त्यांनी गायींकडे पाहिले. गायींनी मान वर केली नाही.

महादेवरावांनी तिथेच उभ्याउभ्या निकाल दिला. पोळ्याच्या सणापर्यंत ही नासाडी थांबली नाही तर स्वयंपाकघर बंद. कंत्राटदाराचे डबे सुरू. रंभाबाईला घरी पाठवायचे.

रंभाबाई दाराआड होतीच. नंतर आली आणि म्हणाली, काहून वो मॅडम, पोरी मन बदलवतात अन् भोगू मी? मी तिला सांगितले, स्वयंपाकघर बंद होणार नाही, माझ्याकडे योजना आहे.

योजना उद्यापर्यंत सुचेल.

१४ ऑगस्ट

सुचली. कॉम्प्युटर!

गेल्या वर्षी महादेवरावांनीच दिला आहे. त्यांच्या गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात तो कोणालाच चालवता आला नाही, म्हणून दान केला. तेव्हापासून भेटीच्या खोलीत चादरीखाली आहे. मुली चपला बाहेर काढून आत जातात आणि नमस्कार केल्यासारख्या परत येतात.

आता प्रत्येकीने आपले जेवण त्यावर निवडायचे. प्रोग्राम मी स्वतः लिहिणार. बी.ए.ला तर्कशास्त्रात पहिली आले होते, आणि हे तर्कशास्त्रच आहे. सीताबर्डीवरून पुस्तक आणले. वरच्या मजल्यावरची प्रेमिला तिकडच्याच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. ती म्हणाली, मॅडम, मी मदत करू का? नको म्हटले. जिला उशीचा अभ्रा बदलायचे लक्षात राहत नाही, ती मला काय शिकवणार?

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. भाषण मीच केले. संकल्प दोन: आठवड्यात प्रोग्राम, आणि तिसरा चहा बंद.

पुस्तकाचे पहिले प्रकरण तिसऱ्या चहाबरोबर वाचले. पहिल्या प्रकरणापुरती सूट.

१८ ऑगस्ट

अक्षरे फक्त इंग्रजी उमटतात. साबुदाणा इंग्रजीत फार लांब होतो. पुस्तकात चुका आहेत असे दिसते.

२० ऑगस्ट

झाला! पडद्यावर आपले नाव काढायचे. त्याखाली एक यादी उघडते: जेवण, उपास, बाहेरगावी. बाणाच्या बटणाने उजळलेली पट्टी वरखाली करायची. जे निवडाल त्याप्रमाणे खाली दुसरी यादी येते. जेवण असेल तर पोळी की भाकरी. उपास असेल तर साबुदाणा, भगर की केळे. मग प्रिंटर करकर करतो आणि कागद स्वयंपाकघरात.

एक खुबी मी मुद्दाम ठेवली आहे. पट्टी हलली तरच नोंद होते. काही बदललेच नाही तर यंत्राला उगाच त्रास का द्यायचा? बदल झाला तर दखल, नाहीतर नाही. तर्काला धरून आहे.

स्वतः तपासून पाहिले. उपास निवडला, नोंद झाली. बाहेरगावी निवडले, नोंद झाली. जेवण तपासले नाही. ते तर सर्वांत वर, आधीपासूनच उजळलेले असते. त्यात बिघडण्यासारखे काय आहे?

२२ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. जवळजवळ सगळ्यांचा उपास. कागद अचूक! महादेवरावांना फोन करून कळवले. ते म्हणाले, पाहू.

एक गालबोट. प्रेमिला जेवायला आली आणि तिचे नावच कागदावर नव्हते. तिच्या घरी छप्पन सालच्या दीक्षेपासून उपासबिपास काही नाही, ती रोजच जेवण घेते. बटण नीट दाबले नसेल. तसे तिला सांगितले.

२३ ऑगस्ट

कागदावर चार जणी. जेवायला आख्खे वसतिगृह. रंभाबाईने अंदाजाने केले म्हणून भागले. मी तिला रागावले. अंदाजाने केले तर प्रोग्रामचा खरेपणा कळणार कसा?

ती म्हणाली, मॅडम, पोरी जेवल्या न? मग कोणाचा खरेपणा उपाशी राहिला?

ब्लडप्रेशर तपासून घेतले. वाढले आहे.

२५ ऑगस्ट

प्रेमिलाचे नाव आजही नाही. संध्याकाळी ती खुर्ची ओढून शेजारी बसली आणि सांगू लागली. म्हणाली, मॅडम, तुमचा प्रोग्राम फक्त पट्टी हलली का एवढंच पाहते. माझी पट्टी पहिलेच जेवणावर असते. मले जेवणच पाहिजे, तं मी हलवू काहून? अन् हलवली नाही की त्याले वाटते, कोणी आलंच नाही.

म्हणजे, ती म्हणाली, जे मन बदलवतात त्याइले जेवण, अन् जे पक्के त्याइले उपास.

मुली हसल्या. त्यात हसण्यासारखे काही नव्हते. मी शांतपणे सूचना लिहून भिंतीवर लावली: "ज्यांना जेवायचे आहे त्यांनी आधी उपासावर जावे व परत जेवणावर यावे. हुकमावरून, अधीक्षिका."

पट्टीही हलेल आणि नोंदही होईल. एका ओळीत प्रश्न सुटला.

रंभाबाईचा शेरा: जेवाले उपासावरून जा लागते, असं तं देवानंही नाही सांगतलं.

२७ ऑगस्ट, शनिवार

कागदावर आले: जेवण, भगर. जेवण, साबुदाणा. जेवण, केळे.

गोपिका बँकेत आहे आणि दिवसातून तीनदा मन बदलते. आधी उपास, साबुदाणा. मग जेवण. शेवटी बाहेरगावी. ती वर्ध्याला आईकडे निघून गेली आणि कागदावर तिच्या नावापुढे: बाहेरगावी, साबुदाणा. रंभाबाईने तिचे ताट वाढून ठेवले. म्हणाली, बस थांबवून देऊन येऊ का?

गायी परत आल्या.

प्रेमिलाचे म्हणणे, खालची यादी वरच्या यादीचं ऐकूनच नाही राहिली, मॅडम. वरचं बदललं की खालचं पुसून नवीन यादी आणा लागते. तुमच्यात जुनंच चिटकून राहते. शिवाय बटण दाबलं की पट्टी हललेली असो नसो, नोंद झाली पाहिजे. दोन-चार ओळीचं काम आहे. करू?

नको म्हटले. माझ्या प्रोग्राममध्ये शब्दाला किंमत आहे. एकदा भगर म्हटले की भगर. आजच्या मुलींना हेच कोणी शिकवलेले नाही.

२८ ऑगस्ट

सगळ्या गोंधळाचे मूळ सापडले: रंभाबाईचा अंदाज. ती कागद बाजूला ठेवून तोंडे पाहून रांधते. तिला बजावले, यापुढे कागदाबाहेर एक घास नाही.

तिने झारा सलाम ठोकल्यासारखा कपाळाला लावला. म्हणाली, कागदाबाहेर एक पोळी निंघन तं नाव बदलवजा माझं.

शिस्त लागते आहे.

२९ ऑगस्ट

महादेवरावांचा निरोप. उद्या अंगारकी. ते टेकडीच्या गणपतीला जाऊन संध्याकाळी इकडे येणार, चंद्रोदयाला उपास इथेच सोडणार, आणि कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहणार. स्वयंपाकघर राहणार की जाणार हे त्यावर.

रंभाबाई दिवसभर गप्प होती. भांडी मात्र बोलत होती. मी म्हटले, माझ्यावर भरवसा ठेव. ती म्हणाली, थोच तं ठेवून राहिली, म्हणून झोप येत नाही.

३१ ऑगस्ट, सकाळी

काल लिहिण्याच्या मनःस्थितीत नव्हते. घडले तसे लिहिते.

सकाळी बहुतेक सगळ्यांनी उपास, साबुदाणा निवडला. तोपर्यंत उत्तम. पण संकष्टीचा उपास चंद्र पाहून सोडतात आणि मग पूर्ण जेवतात, हे मी प्रोग्राम लिहिताना विचारात घेतले नव्हते. घ्यायचे कारण नव्हते. मी संकष्टी करत नाही. संध्याकाळी सगळ्या जणी उपासावरून जेवणावर यायला रांगेत उभ्या. भेटीच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग. महादेवराव कौतुकाने पाहत होते. त्यांचेही नाव मी सकाळीच यंत्रात घातले होते: उपास, साबुदाणा. स्वतःच्या हाताने त्यांनी पट्टी उपासावरून जेवणावर आणली आणि म्हणाले, वा!

प्रिंटर बराच वेळ करकरला. कागद रंभाबाईकडे गेला. गोपिकाने वाचून दाखवला.

आभाळ भरलेले होते. चंद्र कोणालाच दिसला नाही. कॅलेंडरवरची वेळ झाली तशा सगळ्या पानावर बसल्या. महादेवरावांनी हात जोडले, डोळे मिटले, उघडले. समोर साबुदाण्याची खिचडी.

सगळ्यांसमोर साबुदाण्याची खिचडी. कागदावर खालपर्यंत एकच: जेवण, साबुदाणा. जेवण, साबुदाणा.

महादेवरावांनी सकाळी खिचडी खाल्ली होती. दुपारीही खिचडीच. त्यांनी ताटाकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, बाई, एक सांगा. माझा उपास सुटला की लागला?

मी म्हटले, नोंदीप्रमाणे आपण जेवत आहात.

माझ्यापुढे ताटच आले नाही. रंभाबाईला विचारले. ती म्हणाली, तुमचं नाव नाही कागदावर, मॅडम. मी म्हटले, मी रोज जेवतेच, मला पट्टी हलवायची गरज नाही. ती म्हणाली, ते मले माहीत आहे वो. कागदाले माहीत नाही न.

आणि झारा कपाळाला लावून दाखवला.

नंतर तिच्याच डोळ्यांत पाणी आले. आपले स्वयंपाकघर आपल्याच हाताने बुडवले, हे तिच्या लक्षात आले असावे. तेवढ्यात प्रेमिला उठली. पदर खोचला, म्हणाली, चाला वं, बेसन आहे न घरात? गोपिकाने तांदूळ घेतले. रंभाबाईने डोळे पुसले आणि प्रेमिलाला ओरडली, सरक वं तिकडं, गुठळ्या करशीन! महादेवराव मिरच्या शोधायला म्हणून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. पाहते तो पिठले ढवळत होते. म्हणे, घरी मला चुलीजवळ उभे करत नाहीत.

मी टेबलाशी बसून प्रोग्रामच्या ओळी वाचत राहिले. प्रेमिलाने ताट आणून ठेवले. नको म्हटले. मग जेवले. पिठल्यात मीठ कमी होते.

उरलेली खिचडी आज सकाळी मुलींनी डब्यांतून ऑफिसला नेली. एक डबा काल रात्रीच महादेवरावांच्या स्कूटरला लटकलेला दिसला होता. गायी ताटकळून गेल्या.

३ सप्टेंबर

कमिटीची बैठक. दारे मीच लावून घेतली, रंभाबाई दाराआड असतेच. महादेवराव म्हणाले, चांद निंघाल्यावर कंत्राटदाराले पिठलं मांगतलं असतं, तं त्यानं दार तरी उघडलं असतं का? स्वयंपाकघर राहील. रंभाबाई राहील. कॉम्प्युटरही राहील, फक्त तो प्रेमिलाबाईंनी पाहावा.

म्हणजे माझी योजना यशस्वी झाली. कॉम्प्युटर वापरात आणला नसता तर अंगारकीला खिचडी झाली नसती. खिचडी झाली नसती तर पिठले झाले नसते. पिठले झाले नसते तर स्वयंपाकघर गेले असते. तर्कशास्त्र.

रंभाबाईला ही साखळी समजावून सांगितली. ती म्हणाली, हो वो मॅडम, तुमच्यामुळंच. आणि चहा दिला. तिसरा.

६ सप्टेंबर

प्रेमिलाने दुरुस्ती केली. यादीत सर्वांत वर आता "निवडा" अशी रिकामी ओळ आहे, त्यामुळे जेवण हवे असणाऱ्यांनाही पट्टी हलवून जेवणावर यावेच लागते. वरची निवड बदलली की खालची पुसली जाते आणि नवी यादी येते. शेवटी यंत्र विचारते: नक्की? हो म्हटले तरच नोंद.

दोन-चार ओळी. बाकी सगळा प्रोग्राम माझाच आहे.

तीन दिवस काही उरले नाही. हे जास्त दिवस टिकणार नाही.

१० सप्टेंबर, पोळा

पुरणाचा वास सकाळपासून. आज कॉम्प्युटरचा चार्ज प्रेमिलाकडे द्यायचा होता. देण्यापूर्वी तपासून देणे माझे कर्तव्य. माझे नाव काढले. पट्टी मुद्दाम उपासावर नेली. खाली केळे निवडले. यंत्राने विचारले, नक्की? मी कधी अनिश्चित नसते. हो दाबले. आता परत जेवणावर येऊन पाहणार, तोच महादेवराव आले म्हणून उठले. बैलांची मिरवणूक पाहायला सगळ्यांना गच्चीवर नेले. तेवढ्यात कागद स्वयंपाकघरात पोहोचला.

दुपारी पंगत बसली. पुरणपोळ्या, वर तुपाची धार. प्रेमिलाला पहिले ताट. तिचे नाव आता रोज असते. रंभाबाई माझ्यापुढे येऊन थांबली आणि कागद दाखवला. यंत्राची चूक म्हणावे तर चूक नव्हती.

सुपूर्द केले, प्रेमिलाकडे: कॉम्प्युटर एक, चादरीसह. प्रिंटर एक. फ्लॉप्या. भेटीच्या खोलीची किल्ली. "उपासावर जावे व परत यावे" ही सूचना, भिंतीवरून काढून, टाचण्यांसकट.

सुपूर्द झाले, रंभाबाईकडून मला: केळे एक.