मागच्या खोलीतल्या टेबलाचा वारस

मी, खाली सही करणारी, एका फोटो स्टुडिओवाल्याची विधवा, दोन मुलांची आई, व्यवसाय घरच्या घरी जुने रोलचे कॅमेरे आणि भिंगं दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता सांगून लिहवून घेत आहे. दडपण आणायचा प्रयत्न झाला, नाही असं नाही, पण ते पुढे येईल. माझं डोकं ठिकाणावर आहे असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं. मी वार सांगितला आणि त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ अडखळतंय, साफ करून घ्या, हेही सांगितलं.

डोळ्यांबद्दल मात्र लपवाछपवी नको. दोन्ही डोळ्यांच्या ऐन मध्यावर करडा डाग बसला आहे. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माणूस दारातून आत आला की कळतं, पुढ्यात येऊन बसला की त्याचं तोंड पुसून टाकल्यासारखं होतं. मोहरीएवढ्या स्क्रूंवर जिचं आयुष्य गेलं तिच्या नशिबी हे यावं, याचा मला राग येतो, आणि तो कोणावर काढावा हे कळत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले आहेत. तेव्हा हे मृत्युपत्र मी मरण जवळ आलं म्हणून करत नाही. मागच्या खोलीतल्या टेबलावर माझ्यानंतर कोण बसणार, हे आता उद्यावर ढकलता येत नाही, म्हणून करते आहे. बाकीची कलमं घालावीच लागतात असं वकीलबाई म्हणतात, म्हणून ती आधी उरकून घेते.

कलम १. राहतं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा यांना समान वाट्याने द्यावं. समान म्हणजे समान. गच्ची कोणाला आणि पुढची खोली कोणाला, यावरून दोघांची आत्तापासूनच धुसफूस चालते, ती मला ऐकू येते. मागची खोली या वाटणीत धरायची नाही. तिचा विचार कलम ६ मध्ये केला आहे. तोवर तिथे कपाट बसतं का हे बघायला कोणी टेप घेऊन जाऊ नये. धाकटा एकदा जाऊन आला आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते दोघांना निम्मं निम्मं. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. जुने कॅमेरे दुरुस्त करून कोणी माडीवर माडी चढवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

कलम ३. फळीवर चिठ्ठी बांधून ठेवलेले कॅमेरे माझे नाहीत, गिऱ्हाइकांचे आहेत. माझ्या पश्चात ते ज्याचे त्याला परत करावेत, दुरुस्त झालेले असोत वा नसोत. अर्धवट उघडलेल्यांचे स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये, ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने ठेवलेले असतात. तो ट्रे हलवायचा नाही, झटकायचा नाही, धुवायचा तर मुळीच नाही. हे मृत्युपत्रात घालावं लागतं आहे, कारण थोरलीने एकदा घर आवरताना तो घासूनपुसून उन्हात वाळत घातला होता. स्क्रू तिने एका वाटीत काढून ठेवले होते, सगळे एकत्र. वर मला म्हणाली, "किती कळकट झाला होता गं!" त्या एका कॅमेऱ्याच्या जुळणीत माझा सबंध उन्हाळा गेला.

कलम ४. ह्यांचा स्टुडिओतला मोठा लाकडी कॅमेरा धाकट्याला द्यावा. त्याला तो हवा आहे तो हॉलमध्ये मांडायला, हे मला ठाऊक आहे. मांडू दे. पण त्यावर कुंडी ठेवायची नाही आणि लाकडाला चकचकीत पॉलिश मारायचं नाही. या कॅमेऱ्याचा भिंगामागचा घड्याघड्यांचा कातडी भाता कुजून त्यातून उजेड आत यायला लागला तेव्हा मी पहिल्यांदा कॅमेऱ्याला हात लावला. तोवर मी स्टुडिओत गिऱ्हाइकांचे केस नीट करायचं आणि रडक्या पोरांना हसवायचं काम करायची. बाजारातला दुरुस्तीवाला कॅमेरा ठेवून घ्यायचा आणि आज या, उद्या या करायचा. वैतागून मी स्वतःच भात्याला आतून ठिगळं लावली. ह्यांनी कपाळाला हात लावला होता. दुसऱ्या दिवशी फोटो धुऊन पाहिले, त्यांत उजेडाचा एक ओरखडा नव्हता. तेव्हापासून हे फोटो काढायचे आणि बिघडलेलं सगळं माझ्यापुढे यायचं. पुढे घरोघरी फोनमध्ये कॅमेरे आले आणि स्टुडिओ बसला. हे त्याच धक्क्यात खंगले आणि गेले. माझं काम मात्र सुरूच राहिलं, कारण आजोबांच्या कपाटात सापडलेला कॅमेरा घेऊन नातवंडं दारात यायला लागली.

कलम ५. कॅमेऱ्याचा दिवा. हा माझ्या पलंगाशेजारी आहे. थोरलीचा नवरा, म्हणजे माझे जावई, यांनी तो माझ्या वाढदिवसाला दिला. एकावर एक अशी दोन भिंगं असलेला एक सुंदर जुना कॅमेरा त्यांनी कुठूनसा मिळवला, त्याला खालून ड्रिलने भोक पाडलं, आतून वायर ओवली आणि डोक्यावर बल्ब बसवला. "जुन्या वस्तूला नवं आयुष्य दिलं बघा, आई," म्हणाले. तो कॅमेरा चालू होता. त्याच्या भिंगांत बुरशीचा ठिपका नव्हता. मी छान आहे म्हटलं, कारण घरात माणसं बसली होती आणि हातात केक होता. हा दिवा माझ्यामागे जावयांना परत द्यावा आणि त्यांनी तो स्वतःच्या उशाशी ठेवावा, रोज दिसेल असा.

याच जावयांनी नंतर माझ्याकडे काम शिकायचा ध्यास घेतला. रविवार आला की हजर. पहिल्याच रविवारी त्यांनी एका शटरच्या पात्यांवर शिलाई मशीनचं तेल सोडलं. शटर म्हणजे उजेड आत सोडणारी झडप, तिची पाती कोरडी ठणठणीत लागतात. तेलाचा थेंब गेला की ती एकमेकांना चिकटतात आणि उघडायचं नाव घेत नाहीत. मी विचारलं, हे काय केलंत? तर म्हणाले, "तेल घातल्यावर सगळं मऊ चालतं ना, आई?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वंगणाची बाटली मी तेव्हापासून कुलपात ठेवते.

कलम ६. मागची खोली, खिडकीजवळचं टेबल, माझी खुर्ची, डोळ्यावर अडकवायचं भिंग, चिमटे, स्क्रूड्रायव्हरचे दोन्ही संच, भिंगाची कडी फिरवायचे पाने, भात्याचं कातडं, फोमच्या पट्ट्या आणि भंगारातून जमवलेले सुटे भाग. माझी खरी इस्टेट ही आहे, आणि ती कोणाला द्यावी यावर मी डोकं आपटून घेतलं आहे.

थोरलीला देता येत नाही. तिचा हात हलका आहे, पण बारीक वस्तू दिसली की तिला ती आधी आवरावीशी वाटते.

धाकट्याला देता येत नाही. त्याला सगळं "चालेल". स्क्रू एक कमी बसला, चालेल. कॅमेऱ्यातला आरसा जरा तिरका आहे, चालेल. खोलीत कपाट घालू, टेबल भंगारात देऊ, चालेल. तो शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा येतो.

शेजारचे दातांचे डॉक्टर चांगले गृहस्थ आहेत. आपली जुनी हत्यारं मला आणून देतात, आणि ती उत्तम चालतात. पण त्यांना कॅमेरे काचेच्या कपाटात, कापसावर ठेवायचे आहेत. डॉक्टर, तुम्ही या कागदावर साक्षीदार आहात, राग मानू नका, पण कॅमेरा बंद कपाटात ठेवला की त्याच्या भिंगाला बुरशीच येते.

आता दडपणाची गोष्ट. ती गेल्या महिन्यातली आहे आणि अजून माझ्या घशाखाली उतरलेली नाही.

वर्षभर मी डोळ्यांच्या कडेने आणि बोटांनी काम करत होते. काम संपलं की मुलांना विचारायची, नीट झालंय का बघा रे. दोघंही म्हणायची, "मस्त झालंय, आई." गिऱ्हाइकांची तक्रार येत नव्हती. मला वाटलं, डोळे गेले तरी हातांना सगळं पाठ आहे. या वयातही आपण पुरे पडतोय याचा मला मनातून गर्व झाला होता, तो कशाला नाकारू?

एका रविवारी मी एका शटरची पाती बसवली. घरात जावयांशिवाय कोणी नव्हतं, म्हणून त्यांना विचारलं, "बघा हो, बसलं का सरळ?"

त्यांनी शटर उजेडाकडे धरलं. मग म्हणाले, "नाही बसलं, आई. एक पातं उलटं आहे."

"माझी पाती उलटी बसत नाहीत."

"हे बसलंय."

"उठा तिथून," मी म्हटलं. "शटरमध्ये तेल ओतणाऱ्याने मला शिकवू नये."

ते उठले, पण गेले नाहीत. मी नखाने चाचपून पाहिलं. चार पात्यांच्या कडा एका बाजूला होत्या आणि पाचव्याची दुसऱ्या बाजूला. मी विचारलं, "मग आधीचे कॅमेरे?"

त्यांनी पाणी पिऊन घेतलं आणि सांगितलं, "आधीचे ही दोघं बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेतात. तो ते पुन्हा उघडून नीट करतो, मग गिऱ्हाइकाला जातात. तुम्हाला सांगायचं नाही असं घरात ठरलं होतं. मला ते पटलं नव्हतं."

फळीवर एक कॅमेरा गिऱ्हाइकाला द्यायला तयार म्हणून ठेवलेला होता. तो मी मांडीवर घेतला आणि त्याच्या स्क्रूंवरून नख फिरवलं. दोन स्क्रूंच्या खाचा चेपलेल्या होत्या. घाईत, चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर लावला की त्या तशा होतात. मी खाच कधी चेपत नाही. म्हणजे माझ्या घरातला कॅमेरा परक्याने उघडला होता, आणि तोही माझ्या पोटच्या पोरांनी नेऊन.

संध्याकाळी दोघांना समोर बसवलं. थोरली रडायला लागली. "तुला वाईट वाटू नये म्हणून केलं गं, आई." धाकटा म्हणाला, "तुझं मन रमत होतं ना? मग झालं तर." आणि दोघांनी मिळून जावयांना धारेवर धरलं, की म्हातारीला सांगायची काय गरज होती. थोरली नवऱ्याशी किती तरी दिवस धड बोलली नाही. मला म्हणाली, झालं गेलं विसर आणि मृत्युपत्रात कडू काही घालू नकोस. हेच ते दडपण.

बाळांनो, तुम्ही हे मायेने केलंत, हे मला कळतं. तरी सांगते, मला फार वाईट वाटलं. मन रमवायला म्हातारी माणसं पत्ते खेळतात. मी काम करत होते. तुम्ही वर्षभर मला कामावर बसल्याचं नाटक करू दिलंत आणि बाहेर उभं राहून टाळ्या वाजवल्यात. तुमच्यावरची माया आटलेली नाही, पण टेबल तुम्हाला मिळणार नाही.

सबब, मागची खोली आणि वर लिहिलेली सर्व हत्यारं मी जावयांना देत आहे. खुशीने देत नाही. त्यांचा हात जड आहे, घाई फार आहे, आणि दिव्याचं मी विसरलेले नाही. पण उलट्या पात्याला माझ्या तोंडावर उलटं म्हणणारा माणूस या घरात तो एकच निघाला. हात हलका करता येतो, वर्ष दोन वर्षं लागतात. खोली त्यांच्याकडे कामासाठी राहील. काम बंद पडलं तर ती दोन्ही मुलांना समान जावी, मग खुशाल कपाट घाला.

कलम ७. हे कलम वकीलबाई लिहून घ्यायला तयार नव्हत्या. "काकू, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. आधीचं काही यात घालता येत नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, डोळे गेलेच आहेत, बाकीची मी जाईपर्यंत टेबल कशाला अडवून ठेवू? त्यावर त्यांनी कायदा सांगितला, मी आवाज चढवला, आणि शेवटी याला कायद्याचा जोर नाही, ही नुसती इच्छा समजावी, असं ठरून हे लिहिलं जात आहे.

येत्या रविवारपासून खुर्चीवर जावई बसतील. मी शेजारी स्टुलावर बसेन. ते काम करतील आणि मी एका सेकंदावर लावलेल्या शटरचा आवाज ऐकून सांगेन की सेकंद पुरा भरतोय की मध्येच लंगडतोय. कानाने अजून चुकत नाही. चुकले तर तेही त्यांनी सांगावं. ते पातं मी उलटंच ठेवलं आहे, कोणालाही हात लावू दिलेला नाही. रविवारी पहिलं काम तेच. त्यांनी ते काढावं, फिरवून बसवावं, आणि सरळ बसलं की मला सांगावं. मी नख लावून बघणार नाही.

लिहून ठेवणारी: सही. (रेघेच्या खाली गेली आहे, पण माझीच आहे.)

साक्षीदार पहिले: शेजारचे दातांचे डॉक्टर. सही. मी राग मानलेला नाही.

साक्षीदार दुसऱ्या: वकीलबाईंच्या कचेरीतल्या टंकलेखिका. सही. सर्व मजकूर मी मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या त्यांच्यासमोर केल्या.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली. दिनांक: शिक्क्यात आहे तो, वार शनिवार.