उलट्या दांड्याची किटली

टोकोनामे, बुधवार

प्रिय चिहारू,

लग्नात दिलेली किटली कोणी परत पाठवतं का? तीही दीर्घायुष्य लाभावं म्हणून सारस-कासव कोरलेली? आणि पाठवलीस ती पाठवलीस, वर खोक्यावर नाव बाबांचं. पार्सलवाला आला तेव्हा शेजारची उमेनो अंगणात मुळे वाळत घालत होती. काय गं, मुलीनं काय पाठवलं? मी म्हटलं, लोणचं. आता रोज कुंपणावरून विचारते, कसलं लोणचं, जरा चव तरी दे. तुझ्यापायी मला लोणचं घालायला लागणार. तुला फोन केला तर तू म्हणालीस, जन्मभर या घरात मोडक्या झाकणाची, वाकड्या चोचीची किटली वापरली, चांगला माल कायम दुकानाला. निदान लग्नात तरी बाबांनी बिघडलेला माल द्यायला नको होता. कुशीतला आडवा दांडा चोचीच्या उजवीकडे हवा, तो उलट्या बाजूला, डावीकडे बसलाय, सासूबाई उजव्या हातानं ओतायला गेल्या तर चहा त्यांच्याच बाहीवर. आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. म्हणून लिहितेय. माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, तरी शेवटपर्यंत वाच.

आपण बिघडलेलाच माल वापरला, खरं आहे. कुंभाराच्या घरात दुसरं काय असणार? मी नवी नवरी आले तेव्हा गळकी किटली बघून मलाही रडू आलं होतं. पण चाकाशेजारी लहानाची मोठी झालीस तू. बिघडलेलं कुठलं आणि मुद्दाम केलेलं कुठलं, एवढंही कळू नये? भट्टीत दांडा वाकतो, तडकतो. उठून पलीकडच्या बाजूला जाऊन बसत नाही. आणि सारसाचं तोंड बघितलंस का? तेही उलटीकडे आहे. नेहमीचा सारस बाबा डोळे मिटून कोरतील, इतका हात बसलाय. हा उलटा कोरताना कितीतरी किटल्या पुन्हा मातीत गेल्या. मी समोर झाकणं घट्ट बसावीत म्हणून त्यांच्या कडा घासत बसले होते. विचारलं, हे काय खूळ? तर म्हणे, तू तुझं झाकण घास.

मग माझं मलाच उमजलं. लहानपणी तू जेवायच्या काड्या डाव्या हातात धरायचीस. लोक हसतील म्हणून आजी चापट मारून त्या उजव्यात द्यायची. शिकलीस बाई. उजव्यानं जेवतेस, उजव्यानं लिहितेस. आम्ही विसरलो, बहुतेक तूही विसरलीस. पण किटली मात्र तू डाव्या हातानंच ओतायचीस, मनगट मुरडून, कोपर आभाळाला. मी ओरडायचे, नीट धर, सांडतेस. बाबा कधी ओरडले नाहीत. नुसते तुझ्या हाताकडे बघत बसायचे. आता देताना सरळ सांगावं की नाही, की बाई, ही तुझ्या हाताची आहे म्हणून? छे. खोक्यात घातली, दोरी बांधली आणि घे म्हणाले. तूही तसलीच, घेतलीस आणि गेलीस. दोघांची तोंडं म्हणजे चिकटलेली झाकणं.

आता हे कशासाठी लिहिलं ते ऐक. तुझं पार्सल त्यांनीच सोडलं. किटली फडक्यानं पुसली आणि बिघडलेल्या मालाच्या फळीवर नेऊन ठेवली. रविवारी भट्टी उघडायची आहे. त्या दिवशी फळीवरचं घरात लागेल तेवढं ठेवून बाकीचं अंगणात फोडतात, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, ही घरात वापरू. तर म्हणाले, आता या घरात डावखुरं कोण आहे? आणि उठून गेले. मी लपवूनही ठेवली असती, पण लपवलेल्या किटलीतून कुणाला चहा मिळत नाही. नागोया काही समुद्रापलीकडे नाही. तूच ये, आणि त्यांच्यासमोर डाव्या हातानं एक पेला ओत. माफी-बिफी मागत बसू नकोस, ते त्यांनाही ऐकवणार नाही. येतेस की नाही, ते शनिवारी दिवेलागणीच्या आत कळव.

तुझीच, अजून चिडलेली,
आई