तिसरी हाक

आबा, तुमच्या आवडत्या भुताच्या पिक्चरची आधीची गोष्ट आली. हल्ली त्याला प्रीक्वेल म्हणतात. म्हणजे भूत जिवंतपणी कोण होतं, कुठल्या घरचं होतं, कशानं मेलं, हे सगळं तिकीट काढून समजून घ्यायचं. लेक नांदेडला शिकते, तिनंच दुपारच्या खेळाची तिकिटं काढली. मी वसमतहून एसटीनं गेले आणि एवढी पन्नाशीची बाई, खिडकीशी बसून पहिल्या पिक्चरमधले संवाद मनात म्हणत राहिले. सगळे पाठ आहेत अजून. पण नाव मोठं, लक्षण खोटं! पिक्चर संपल्यावर मला इतका राग आला होता की लेकीनं घेतलेला चहासुद्धा गोड लागला नाही.

पहिला पिक्चर तुम्हीच दाखवलात. तुम्ही मोंढ्यात, त्या धान्यबाजारात, हळदीच्या पोत्यांची वजनं करायचात, बोटांचा पिवळेपणा साबणानंही जायचा नाही. मोंढा बंद असला की आपण दोघं दुपारी थेटरात. आई म्हणायची, "लेकराला भुतं दावता, काय म्हणावं तुमाला!" पडद्यावर हिरव्या लुगड्यातली ती बाई पाठमोरीच दिसते. परसदारी उभी राहून नाव घेऊन हाक मारते. थांबते. पुन्हा मारते. बस्स. तिचं तोंड दिसत नाही, नाव कळत नाही. सगळं थेटर श्वास धरून तिसऱ्या हाकेची वाट बघतं आणि ती येतच नाही. मी तुमची बाही ओढून विचारलं, "आबा, ती तिसऱ्यांदा काहून बोलवत न्हाई?" तुम्ही वाकून म्हणालात, "भुताला तिसरी हाक जमत न्हाई, माय. तिसरी मारतं ते आपलं माणूस."

तीन हाकांशिवाय ओ देऊ नये, हे आपल्याकडे घरोघरी सांगायचे. पण तुम्ही त्याचा खेळ केलात. मोंढ्यातून आलात की दारातून "माय!" मग पुन्हा "माय!" आणि मग गप्प. मी स्वयंपाकघरात तोंडावर हात दाबून उभी. तिसरी हाक आली की "ओ!" करत पळत यायचं. एकदा घाईनं पहिल्याच हाकेला ओ दिली, तर तुम्ही खरंच रागावलात. "कोन हाय ते पायलंस का? असं करायचं न्हाई, बराबर ध्यानात ठेव." तुमचा तो चेहरा मी विसरले नाही. त्यानंतर कधी चुकले नाही.

म्हणून त्या दुपारीही चुकले नाही. माझं लग्न ठरलेलं होतं, हळदीचा हंगाम होता. मी भाकरी थापते आहे, आई शेजारी भाजी चिरते आहे. दारातून तुमची हाक येते, "माय!" मी हसते. पुन्हा येते, "माय!" पिठाचे हात तसेच धरून मी तिसरीची वाट बघते. तव्यावरची भाकरी करपते. आई म्हणते, "ध्यान कुठंय तुझं?" मी म्हणते, "आबा आलेत की." आई म्हणते, "कुठं? मला तर काई ऐकू आलं न्हाई." दारात जाऊन पाहते तर कोणी नाही. उंबऱ्यावर तेवढी हळदीची भुकटी सांडलेली. थोड्या वेळानं मोंढ्यातली माणसं सांगायला आली की तुम्ही वजनकाट्याजवळच कोसळलात. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. घराकडे तुम्ही आलाच नव्हता.

एवढी वर्षं मी त्या तुमच्या नियमावर उभी आहे, आबा. तिसरी हाक आली नाही, म्हणजे ते तुम्ही नव्हता. दुसरंच काहीतरी होतं, बरं झालं ओ दिली नाही. आणि या नव्या पिक्चरमध्ये काय, तर त्या बाईला नाव आहे, सासर आहे, नाचगाणं आहे, विष देणारा दीर आहे. सगळा बायोडेटा! तेही मी सोसलं असतं. पण शेवटी ती तोंड फिरवते आणि तिसऱ्यांदा हाक मारते. वर चौथ्यांदाही. ढोल वाजतात, पोरं हसतात. मी मात्र पदर डोळ्यांना लावला. लेक म्हणाली, "आई, काहून रडून राहिलीस? एवढा काही भारी नव्हता." तिला काय सांगू? भूत जर तीनदा बोलावू शकतं, तर आपलं माणूसही दोनदा बोलावून थांबू शकतं. वेळ नसेल त्याच्याकडे.

ह्यांची वसमतला बदली झाल्यापासून आम्ही तुमच्याच या घरात राहतो. दुपारी कधीतरी दारातून तुमचा आवाज येतो, दोनदाच. मी हे कोणाला सांगितलेलं नाही. दरवेळी हातातलं काम थांबवून गप्प उभी राहायचे. काल नांदेडहून परतले, कणीक मळायला घेतली आणि हाक आली. "माय!" मग पुन्हा. मी तिसरीची वाट पाहिली नाही. "ओ, आबा," म्हणाले.

दारात कोणी नव्हतं. हे पत्र टाकायला पेटी नाही, ते इथंच पिठाच्या डब्याखाली राहील. एक मात्र कबूल करते. ओ दिल्यावर मला फार भीती वाटली. तरी दाराला कडी घातली नाही.