लिंपलेली खिडकी

॥ श्री ॥

अबूचा पहाड,
ता. ३ डिसेंबर १९६१

तीर्थस्वरूप सौ. तापीवहिनी यांस,
छगनचा शि. सा. न. वि. वि.

पत्रावरचं गाव वाचून कपाळाला हात लावू नका. सुरतेचा बर्फाचा कारखाना सोडला. दादाला सांगताना बेताने सांगा, जेवण झाल्यावर सांगितलं तर बरं. पोऱ्याने जिनिंग सोडलं, एस.टी.चं गॅरेज सोडलं, आता थंडगार बर्फसुद्धा याच्याच्याने सोसवला नाही, असं तो म्हणणार. म्हणू द्या.

झालं असं, की आमच्या कारखान्याचं मशीन दुरुस्त करायला अमदाबादचे मगन मिस्त्री यायचे. त्यांनी विचारलं, की बर्फाचं मशीन उलटं बसवलेलं बघायचंय का. मी त्यांना काम काय, पगार काय, काहीसुद्धा विचारलं नाही. ट्रंक उचलली आणि निघालो.

इथे एका जुन्या संस्थानिकाचा बंगला आहे, त्याचं आता हॉटेल केलंय. मागे पोहायचा हौद आहे, आपल्या खळ्याच्या दुप्पट तरी असेल. पाणी स्वच्छ, पण थंडीत बोट बुडवलं तर हाडापर्यंत कळ जाते. मालकांना ते कोमट हवंय. मिस्त्रींनी त्यासाठी मशीन बांधलंय. त्याला हीट पंप म्हणतात. लाकूड नाही, कोळसा नाही, राख नाही. विजेवर फिरतं. पण वीज पाणी तापवत नाही हो वहिनी, वीज नुसती मशीन फिरवते. ऊब ते हवेतून ओढतं आणि पाण्यात सोडतं. हे मी चारदा ऐकलं, तेव्हा कुठे मान हलवली, आणि ती हलवली तीही निम्मी खोटीच.

हौदाच्या बाजूला एक खोली आहे, समोरासमोर दोन मोठ्या जाळीच्या खिडक्या. तिथे सिमेंटचा ओटा घालून, खाली रबराचे तुकडे देऊन मशीन बसवलं. हादऱ्याने नळ्या फुटू नयेत म्हणून ते रबर. हौदाचं पाणी आधी वाळूच्या टाकीतून गाळून येतं, मग मशीनमधून फिरून परत हौदात. नळ्या जोडायचं काम मी केलं. एकही सांधा गळला नाही, हे मात्र दादाला जेवणाआधी सांगितलंत तरी चालेल.

बापूंना नमस्कार. माझ्यावरची माया पहिल्यासारखीच ठेवा.

आपला,
छगन


॥ श्री ॥

सारंगखेडे,
ता. २४ डिसेंबर १९६१

चि. छगनभाऊ यास,
वहिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

तुझ्या दादाला जेवणानंतरच सांगितलं. पान खाता खाता ठसका लागला एवढंच.

आता नीट बसून वाच. जत्रेत बापू घोडे बघायला गेले होते. घेणं ना देणं, नुसते दात मोजत फिरतात हे तुला माहीत आहे. तिथे माझ्या माहेरचे, प्रकाश्याचे, चुनीकाका भेटले. त्यांची सुगंधा लग्नाची आहे. आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, पोर माझ्या डोळ्यांसमोर वाढली. सातवी पास आहे, हाताला चपळ आहे. खोड एकच, प्रश्न फार विचारते. मागे दोन ठिकाणची माणसं बघून गेली. एकांना तिने विचारलं, की तुमच्या गावची विहीर उन्हाळ्यात आटते ती कुठल्या बाजूने आधी आटते. त्यांनी घरी जाऊन निरोप धाडला, की पोरगी जरा गप्प राहायला शिकली की बघू.

बापूंनी तुझं, आपल्या धाकट्याचं, नाव काढलं. चुनीकाकांनी विचारलं, मुलगा करतो काय. बापूंना एवढंच आठवलं, की तू पाणी गरम करतोस. काकांचं तोंड उतरलं. म्हणाले, पाणी तर आमच्या घरी मोलकरीणही तापवते, आणि तिला त्यासाठी डोंगरावर जावं लागत नाही. शिवाय मुलगा एका जागी टिकत नाही असं ते ऐकून आहेत. लाकडाशिवाय पाणी तापतं हेही त्यांना पटत नाही. त्यांच्या मते कोणीतरी तुला बनवतंय, नाहीतर तू आम्हांला. घरी आल्यापासून बापूंचंही एकच चाललंय, की तो तठे काय करी ऱ्हायना ते मला कोणी समजाडा.

सुगंधाने मात्र माझ्या भावाकडून वेगळाच निरोप पाठवला. विस्तव नाही, तर मग ऊब येते कुठून आणि थंडीत हवेत ती असते तरी का, एवढं विचारून कळवा म्हणाली. तुला ठाऊक असेल तर लिही. नसेल तर तसंही लिही, पण थापा मारू नकोस. मला हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही.

प्रकृतीला जप, कान बांधून फिर.

तुझी,
वहिनी


॥ श्री ॥

अबू,
ता. २ जानेवारी १९६२

तीर्थस्वरूप सौ. वहिनी यांस,
छगनचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. स्थळाचा मजकूर एकदा आणि तो प्रश्न दोनदा.

मगन मिस्त्रींना विचारून लिहितो, थाप नाही. थंड हवेतसुद्धा थोडी ऊब उरलेली असते. मशीनच्या नळीत एक गॅस फिरतो. तो हवेपेक्षाही थंड असतो, म्हणून हवेतली ऊब त्याच्याकडे जाते. पंख्याने हवा त्या नळीवरून ओढायची. मग मशीन त्या गॅसला दाबतं. सायकलीत हवा भरताना पंपाची नळी हाताला चटका देते ना, तसा दाबला की तो तापतो. ती तापलेली नळी पाण्याच्या अंगाला ठेवली की ऊब पाण्याला. मग गॅस मोकळा होतो, पुन्हा थंड होतो, पुन्हा हवेकडे. असं चक्र. हे तिला सांगा. नाही पटलं तर दादाची सायकल बाहेर काढा.

मिस्त्री अमदाबादला परत गेले. मशीन आता माझ्या हवाली आहे. सकाळी पाण्यातली पानं काढतो, जाळीचा कचरा झाडतो, नळीवरच्या पत्र्यांची धूळ मऊ ब्रशाने पुसतो, पट्टा सैल नाही ना बघतो. संध्याकाळी हौदावर ताडपत्री ओढायची, नाहीतर दिवसाची कमाई उडून जाते. पाणी आता बऱ्यापैकी कोमट झालंय. मुंबईच्या एक बाई रोज पोहतात, आणि त्यांचे यजमान काठावर मफलर गुंडाळून बसून त्यांना बाहेर या बाहेर या करतात.

पण थंडी वाढली आहे. सकाळी गवत पांढरं दिसतं. मशीनच्या खोलीत दोन्ही खिडक्यांतून असा वारा घुसतो, की बिचारं मशीन कुडकुडत असेल असं वाटलं. मग आपली केळीची अढी आठवली. घड रचले की खोलीचं दार, खिडकी, बारीक भोकसुद्धा आपण शेणमातीने लिंपतो, तेव्हा आत ऊब धरते आणि केळी पिवळी होतात. काल मी तेच केलं. जाळ्यांत गवत कोंबलं आणि दोन्ही खिडक्या चांगल्या लिंपून घेतल्या. खानसामा बघून हसला. पाणी वाफाळलं की मी हसेन. चुनीकाकांना म्हणावं, मोलकरणीला एवढा मोठा हौद तापवून दाखवू दे.

बापूंना मी समक्ष समजावीन. आठवण काढत जा.

आपला,
छगन


॥ श्री ॥

प्रकाशे,
ता. ११ जानेवारी १९६२

चि. छगनभाऊ यास अनेक आशीर्वाद.

संक्रांतीला माहेरी आले आहे. तुझं पत्र ओट्यावर तीळ निवडता निवडता सुगंधाला वाचून दाखवलं. सायकलही निघाली. पोरीने माझ्या भावाचा पंप हातात घेऊन असा जोर लावला, की ट्यूब फुटायची राहिली. नळी गरम झाली तेव्हा तिने ती आपल्या आईच्या हाताला लावली, आईने माझ्या, आणि मला चटका बसला. एवढं पटलं तिला.

मग खिडकीचं वाचलं. मला वाटलं, आपलं घरचं शहाणपण वापरलंस. पण तिने तीळ तसेच सोडले. म्हणाली, तापीताई, अढीतली केळी आपली ऊब आपणच करतात, ती बाहेर जाऊ नये म्हणून आपण लिंपतो. मशीन तर ऊब करत नाही, नेतं. मग बंद खोलीत जी आहे ती नेऊन संपली, की ते पुढे काय नेणार? आणि ऊब काढून घेतलेली हवा थंडच बाहेर पडत असेल, ती आता जाते कुठे? तिचे शब्द होते तसे लिहिलेत.

दुसरी बातमी. चुनीकाका नंदुरबारहून गाडीने अंबाजीच्या दर्शनाला निघालेत. नवस जुना आहे म्हणतात, पण निघताना त्यांनी तुझा पत्ता लिहून घेतला. अबू तिथून जवळच, तेव्हा समजून जा. पाणी हाताने बघितल्याशिवाय शब्द देणार नाही, असं बापूंना स्पष्ट सांगून गेलेत. स्वच्छ कपडे घाल, दाढी कर. पाणी गरम ठेव रे बाबा.

तुझ्या काळजीत,
वहिनी


॥ श्री ॥

अबू,
ता. १९ जानेवारी १९६२

तीर्थस्वरूप वहिनींस,
शि. सा. नमस्कार.

सगळं उलटं झालं. जसं झालं तसं लिहितो.

खिडक्या लिंपल्यावर पाणी रोज गार होत गेलं. वाळूची टाकी धुतली, पट्टा बदलला, तेल बघितलं. हवेच्या नळीवर बर्फाचा थर बसायचा. मी तो गरम पाणी ओतून काढायचो आणि पहाडाच्या थंडीला शिव्या द्यायचो. त्या मुंबईच्या बाई पाय बुडवून परत गेल्या, यजमान खूश झाले. मॅनेजरांनी सुनावलं, की असंच चाललं तर मिस्त्रींना बोलावून घेतो आणि तुला गाडीत बसवतो. ते कशाला बसवतील, मीच बसतो, असं म्हणून मी ट्रंक भरली. मला ते जमतं, तुम्हांला माहीतच आहे.

तेवढ्यात तुमचं पत्र आलं. ते हातात घेऊनच खोलीत शिरलो. वहिनी, खोलीच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती! इतके दिवस मी आत जात होतो, हात चोळत होतो, पण हे ध्यानातच आलं नाही. मशीन आपणच गार केलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत होतं. ट्रंक तशीच राहिली. तिचं म्हणणं खरं निघतं का, हे बघितल्याशिवाय जायला पायच उचलेना.

स्टुलावर चढून पहारीने लिंपण फोडत होतो. कोपरापर्यंत शेणमाती, केसांत गवत. मागून कोणीतरी विचारलं, की इथे मशीनवाला छगन कोण. वळून बघतो तर धोतर, काळा कोट, हातात अंबाजीच्या प्रसादाची पुडी. मी चुनीकाकांना कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखायला वेळ लागला नाही. ते सरळ हौदाकडे गेले, बाही सरकवून हात बुडवला आणि लगेच काढला. म्हणाले, यापेक्षा आमची तापी नदी गरम.

थंडीवर ढकलता आलं असतं, मशीनवरही. पण हातात पहार आणि समोर फुटलेली खिडकी असताना खोटं काय बोलणार? सांगून टाकलं, की चूक माझी, खिडक्या मीच बंद केल्या. आणि हेही सांगितलं, की ही चूक पकडणारं माणूस तुमच्याच घरात आहे. ते पायरीवर बसले. विचारलं, काय म्हणाली ती. मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, प्रसाद दिला आणि खाली जाणाऱ्या बसने निघून गेले. चहा तसाच निवला.

दोन्ही खिडक्या मोकळ्या केल्या आणि पाणी आता पुन्हा कोमट झालंय. मॅनेजर बोलायला लागलेत. पण काकांनी बघितलं ते गारच, तेव्हा स्थळाचं काय व्हायचं ते झालंच असेल. बापूंना म्हणावं, यात दोष माझा, घराण्याचा नाही. तिला मात्र एवढं नक्की कळवा: दुसऱ्या खिडकीच्या बाहेर उभं राहून मी हात धरला. तिथून जी हवा येते ती खरंच गार येते, बाकीच्या वाऱ्यापेक्षा गार. तिचा अंदाज बरोबर आहे. ट्रंक रिकामी केली.

चुकलं माकलं पदरात घ्या.

तुमचा,
छगन


॥ श्री ॥

प्रकाशे,
ता. २ फेब्रुवारी १९६२

चि. छगनभाऊ यास,
वहिनीचे उत्तमोत्तम आशीर्वाद.

काल चुनीकाका बैलगाडी जोडून स्वतः सारंगखेड्याला आले. बापूंनी बसायला घोंगडी टाकली, मी दाराआड उभी. काका पहिलंच वाक्य बोलले, की पाणी गार होतं. बापू म्हणाले, मंग जाऊ द्या, पोऱ्या तसाच शे.

काका म्हणाले, ऐकून तर घ्या. पोरगी बोलायला लागल्यापासून ज्याची त्याची मी तिच्यासाठी माफी मागत आलो. पाहुण्यांची मागितली, मास्तरांची मागितली. तिला गप्प कर, असं मला अख्ख्या जातीने सांगितलं. आणि हा तुमचा मुलगा, अंगभर शेण, मी कोण ते कळलेलं, स्टुलावरून उतरतो आणि माझ्याच तोंडावर सांगतो, की तिचं बरोबर, माझं चुकलं. त्या बसमध्ये बसून मी खालपर्यंत दुसरं काही आठवू शकलो नाही. पाणी गरम करायला तो शिकेल. पण हे जे तो बोलला, ते त्याला कोणी शिकवलेलं नाही.

बापू मला हाक मारून म्हणाले, गूळ आण, तोंड गोड करू. मी गूळ आणेपर्यंत दोघे घोड्यांवर बोलायला लागले होते.

वैशाखातला मुहूर्त धरलाय. दादा म्हणतात, तोवर तेवढी जागा सोडू नकोस, पत्रिकेवर पत्ता छापायचाय.

संध्याकाळी काकांच्याच गाडीने मी माहेरी आले आणि सुगंधाला तुझा निरोप पोचवला. मला वाटलं लाजेल. लाजली, नाही असं नाही. पण पदर सारखा करता करता म्हणाली, वैशाखात तर हवेत उबेचा सुकाळ. त्या गार हवेची खिडकी माणसाच्या खोलीकडे वळवली, तर बाहेर पाणी तापेल आणि आत माणूस निवेल, असं होतं का? मी तिला सांगितलं, बाई, मधल्या मधे टपाल वाहून मी दमले, आता तूच त्याला विचार. तर कागद मागून घेतलाय आणि सकाळपासून मायना काय लिहावा यावर अडली आहे.

तिचं पत्र येईल. उत्तर नीट बघून दे.

तुझी,
वहिनी